श्वास तेवढा राहिला

१

कोणाचाही आवाज साफ करायला घेतला की शिवम आधी त्यातली मोकळी जागा शोधायचा. माणूस बोलायला लागण्याआधी दोन-तीन सेकंद जातात, तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये नुसती खोली असते. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, फ्रीजची कुरकुर. तेवढा तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा आणि सांगायचं, की ही घाण आहे. मग कॉम्प्युटर अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तेवढीच घाण वेचून काढतो आणि माणसाचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होऊन मागे राहतो.

डोणगावात मेहकरच्या रस्त्याला लागून त्याचं घर होतं. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला आतून गोधडी. बियाण्यांच्या जाहिराती, कीर्तनं, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नाच्या मंगलाष्टका, यूट्यूबवर फवारणीची माहिती सांगणारी पोरं, सगळ्यांचं काम त्याच्याकडे यायचं. हात चांगला होता. काय काढलं आणि कुठे जोडलं, ते ऐकणाऱ्याला कधी कळत नसे, आणि याचा त्याला अभिमान होता.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. बियाण्याचे दुकानदार वामनराव सकाळीच येऊन ऑटोवर लावायची जाहिरात बोलून गेले. वामनरावांना दम्याचा जुना त्रास. प्रत्येक वाक्याआधी त्यांच्या छातीतून शिट्टी वाजते. ती कुठे वाजणार हे शिवमला इतकं पाठ होतं, की पडद्यावरची आवाजाची रेघ न बघताही तो ती उडवू शकला असता.

त्या दिवशी त्याने सवयीप्रमाणे सुरुवातीची मोकळी जागा निवडली, हेडफोन लावला आणि ऐकलं.

तिथे एक श्वास होता. वामनरावांचा नव्हता, त्याला शिट्टी नव्हती. आधी कोणीतरी नाक ओढलं. मग तोंडावरून कापड फिरल्यासारखी बारीक खसखस. मग आत घेतलेला श्वास, लांब, मध्येच एकदा अडकलेला. ओठ उघडल्याचा ओलसर आवाज. आणि लगेच वामनराव, “शेतकरी बंधूंनो.”

श्वास बाईचा होता.

डिंपल दाराशी येऊन उभी राहिली असणार, त्याला वाटलं. दुपारी जेवताना त्याने बायकोला विचारलं, “वामनराव बोलून राह्यले होते तवा तू आत आलती का?”

“मी काऊन येऊ? मी तं बाजारात गेलती,” डिंपल म्हणाली. “काऊन, काय झालं?”

“काई नाही.”

जेवून त्याने तो श्वास कापला आणि जाहिरात पाठवून दिली.

२

दुसऱ्या दिवशी बेबीताईंचं काम होतं. बेबीताई बचत गटाच्या अध्यक्षा, मोबाईलवर पदार्थांचे व्हिडिओ करायच्या आणि आवाज साफ करायला पाठवायच्या. रेकॉर्डिंग त्यांच्याच स्वयंपाकघरातलं, त्यांच्याच मोबाईलवरचं. शिवमच्या खोलीशी त्याचा काही संबंध नव्हता.

‘नमस्कार मैत्रिणींनो’च्या आधी तोच श्वास होता.

त्याने कालची फाईल उघडली. दोन्ही श्वास एकाखाली एक लावले. रेघेला रेघ जुळली. नाक ओढणं, खसखस, अडकण, ओठ, सगळं तंतोतंत. माणूस दोनदा सारखा श्वास घेत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दहा वर्षं तो लोकांचे श्वास बघत होता.

मग तो शहाण्या माणसासारखा विचार करायला बसला. कुठली तरी जुनी फाईल प्रोग्राममध्ये अडकली असेल आणि नव्या कामात मिसळत असेल. त्याने प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. वायर बदलली. मेहकरच्या मित्राचा लॅपटॉप दोन दिवसांसाठी मागून आणला. त्या लॅपटॉपवर एका महाराजांचं कीर्तन घेतलं. कीर्तन मोकळ्या मैदानातलं, टाळ-मृदंगाने भरलेलं, त्यात मोकळी जागा अशी नव्हतीच. त्याने गोंगाट थोडा खाली आणला. महाराज निरूपणाला तोंड उघडणार, त्याच्या बरोबर आधी तो श्वास होता. या वेळी त्याच्यामागे आणखी काहीतरी ऐकू आलं. दूरवर, वरच्या बाजूला.

टक्. मग दोन फेऱ्या शांत. टक्.

तो पंखा होता. छताला लटकलेला जुना पंखा, दर तिसऱ्या फेरीला कशाला तरी घासणारा. मैदानात छत कुठलं?

शिवमने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. श्वास त्याला ओळखता आला नव्हता. पंखा मात्र त्याने ओळखला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चोरी पकडल्यावर पोराच्या होतात तशा.

३

तो पंखा बीबी गावच्या एका शाळेतला होता. पत्र्याचा हॉल, समोर छोटं व्यासपीठ, छताला चार पंखे आणि त्यातला एक टकटक करणारा. फेब्रुवारीत तिथे शोकसभा झाली. निवृत्ती नावाचे शाळेचे शिपाई टाकीत पाणी चढवायला गेले आणि मोटर लावताना शॉक लागून जागीच गेले. तेरावं झाल्यावर संस्थेने सभा ठेवली. संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव यांनी रेकॉर्डिंगसाठी शिवमला बोलावलं होतं. संस्थेचं सगळं काम त्याच्याकडेच असे.

माईक जोडून, रेकॉर्डर चालू करून शिवम बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला होता. शोकसभा तो ऐकत नसे. सगळ्या सारख्याच असतात.

संध्याकाळी हिंमतरावांचा फोन आला.

“शिवम, त्या निवृत्तीची बाई बोलली ना मधात, ते पाहून घे जरा.”

“काय पाहू साहेब?”

“दुःखात माणूस काईबी बोलते. उद्या तिलेच वाईट वाटन. ती उठते तिथून सर बोलाले लागते तिथपर्यंत, तेवढं काढून टाक. अन् मूळचं ठेवू नको. कसं?”

“हाव साहेब.”

त्याने रेकॉर्डिंग उघडलं. निवृत्तींची बायको सुभद्राबाई बोलली होती ती जागा पडद्यावर लगेच दिसली. बेचाळीस सेकंद. रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्याने पाहिलं. सुरुवातीचा श्वास कापला तर जोड कानाला खटकत होता, म्हणून श्वास तेवढा राहू दिला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उचललं आणि शेवटचा हुंदका श्वासाला जोडून दिला. सांधा झाकायला त्याच हॉलची शांतता खाली पसरली, पंख्याच्या टकटकीसकट. आता ऐकणाऱ्याला वाटायचं, की बाई उठली, श्वास घेतला, रडली आणि बसली. फार सफाईचं काम झालं होतं. मूळ फाईल त्याने त्याच संध्याकाळी पुसली.

पुढे चौकशी झाली. संस्थेने इतर कागदांबरोबर शोकसभेचं रेकॉर्डिंगही दिलं. मोटर खराब असल्याचं कोणी आधी कळवलं होतं असं आढळून आलं नाही, असा निकाल निघाला. सभेला साठ-सत्तर माणसं होती. मागच्यांना पत्र्याखाली नीट ऐकू आलं नसेल. पुढच्यांना संस्थेत नोकरी करायची होती.

हे सगळं शिवमला माहीत होतं. पण त्याची मान खाली गेली ती यामुळे नाही. खरी लाज पुढची होती, आणि ती त्याने डिंपललाही सांगितली नव्हती.

४

निकालानंतर, उन्हाळा लागताना, एक बाई चौकशी करत करत त्याच्या दाराशी आली. पायात स्लीपर, हातात कापडी पिशवी, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या. “रेकॉर्डिंग करणारा पोरगा इथंच राह्यते का?” तिने विचारलं. शिवमला ती ओळखत नव्हती, त्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं. नाव तिने तिथे येऊन विचारलं.

“मी सुभद्राबाई. बीबीची. आमच्या मालकाच्या सभेचं तुमीच केलतं म्हणे.”

त्याने तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं.

“साहेब म्हणतात मी काई बोललीच नाही,” ती म्हणाली. “मले आठवते मी बोलली. मी उभी राह्यली अन् सगळ्याइसमोर सांगतलं. मले एकडाव ऐकू द्या. मी परत कोणाले तरास देणार नाही.”

त्याने तिच्या कानांना हेडफोन लावला. तिने आयुष्यात पहिल्यांदा लावला असावा, दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती जागा आली. स्वतःचा श्वास ऐकून तिचा चेहरा उजळला.

“हा मीच. आता बोलते पाहा.”

मग हुंदका आला, आणि त्यामागून मुख्याध्यापकांचा आवाज.

तिने पुन्हा लावायला सांगितलं. त्याने लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून ऐकलं आणि श्वासानंतर तिचे ओठ हलले. शब्द आतून बाहेर काढता येतात का ते बघत असल्यासारखे.

“मी बोलली होती ना, भाऊ?” तिने विचारलं.

खोलीत दोघंच होती. हिंमतराव तिथे नव्हते. कोणीच नव्हतं. खरं बोलायला त्याला कोणी अडवलं नसतं.

“नाही मावशी,” शिवम म्हणाला. “तुमी उठल्या, रडल्या अन् बसल्या. माणसाले असं होते. मनातल्या मनात बोलते अन् वाटते तोंडानं बोललो.”

 मग तिने हेडफोन काढला आणि तो नाजूक वस्तूसारखा टेबलावर ठेवला.

“मंग नसन बोलली,” ती म्हणाली. “मलेच वाटलं असन. तुमाले उगीच तरास दिला.”

जाताना तिने त्याचे आभार मानले आणि पिशवीतली मेथी टेबलावर ठेवून गेली. त्या संध्याकाळी डिंपलने तिची भाजी केली. त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. ते त्याला नंतर पुष्कळदा आठवलं.

५

आता श्वास सगळीकडे येऊ लागला. शिवम तो रोज कापत होता. कापायला हात उचलला की त्याला वाटायचं, आपण पुन्हा तेच करतोय. पण लोकांना काम द्यायचं होतं. कोणाला काय सांगणार?

एकदा त्याने स्वतःचाच आवाज रेकॉर्ड केला. पंखा बंद, दार बंद. माईकसमोर एकटा बसून “एक, दोन, तीन” म्हणाला. ऐकलं तर ‘एक’च्या आधी तोच श्वास. आणि तो दुरून येत नव्हता. माईकपासून जेवढ्या अंतरावर त्याचं तोंड होतं, तेवढ्याच अंतरावरून येत होता. त्याने ओठांवर हात ठेवला. ओठ कोरडे होते. हेडफोनमधले ओठ ओले होते.

मग एके दुपारी तो मेहकरला गेला असताना डिंपलचा व्हॉइस मेसेज आला. बसस्टँडवर उभा राहून त्याने मोबाईल कानाला लावला. नाक ओढलं गेलं. कापड खसखसलं. टक्. श्वास. ओठ उघडले. आणि मग डिंपल म्हणाली, “येताना कोथिंबीर आणजा.”

आजूबाजूला बसची वाट बघणारी माणसं होती, ऊन होतं, रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. शिवमने मोबाईल कानापासून दूर धरला. तो बाकड्यावर बसला. आजवर बाईच्या श्वासानंतर दुसरंच कोणी बोलत आलं होतं. पण दर वेळी श्वास आणि शब्द यांच्यातलं अंतर थोडं वाढत होतं. ते अंतर पुरेसं वाढलं, की तिथे ती स्वतः बोलणार. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याला ते कळत होतं. आणि ती काय बोलेल याची त्याला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

त्यानंतर त्याने हेडफोन लावणं सोडलं. माणसांशी बोलणंही टाळायला लागला. समोरच्याने बोलायला तोंड उघडलं की त्याचे डोळे आपोआप मिटायचे.

“तुमी मी बोलाच्या आधी डोये काऊन मिटता?” डिंपलने एका सकाळी विचारलं. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. “चार दिवस झाले पाहून राह्यली मी. माह्या बोलण्याचं एवढं भेव वाटते का तुमाले?”

मग त्याने तिला सांगितलं. श्वासाचं सांगितलं, फोनचं, पुसलेल्या फाईलचं. सुभद्राबाई आली होती आणि तिला तो काय म्हणाला, ते सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की डिंपलला पुढे वाकून ऐकावं लागलं.

श्वासाबद्दल ती काहीच बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, “अन् ते मेथी तिनं देली होती?”

“हाव.”

डिंपलने सूप खाली ठेवलं. 

“बीबीची गाडी मेहकरहून साडेदहाले आहे,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

६

सुभद्राबाईचं घर बाजारतळाच्या मागे होतं. दोन खोल्या, पुढे मेथी-पालकाचे चार वाफे, शेजारी पिठाची गिरणी. दुपारचे बारा वाजून गेले होते. गिरणी चालू होती आणि तिच्या धडधडीने घराचा पत्रा बारीक थरथरत होता. ओट्यावर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी भाजीच्या जुड्या बांधत होती. ती सुभद्राबाईची मुलगी, प्रतीक्षा.

शिवमने नाव सांगितलं, रेकॉर्डिंगचं काम करतो म्हणाला.

“आई आत आहे,” प्रतीक्षा म्हणाली. “पण ते बोलत नाही आता. दिवाळीपासून तिचा आवाजच गेला. मेहकरले दाखवलं, बुलडाण्याले दाखवलं. गळ्यात काई सापडत नाही म्हणतात.”

आतली खोली छोटी होती. एक पलंग, एक फळी, कोपऱ्यात पाण्याची टाकी. छताला पंखा नव्हता, नुसता हूक होता. सुभद्राबाई पलंगावर बसली होती. ती वाळली होती. शिवमला तिने लगेच ओळखलं आणि बसायला म्हणून पलंगाच्या कडेवर हात ठेवला.

तो जमिनीवर बसला.

“मावशी,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने येताना बसमध्ये वीस वेळा जुळवलं होतं. “मावशी, तुमी बोलल्या होत्या. मी काढलं. तुमाले खोटं सांगतलं मी.”

सुभद्राबाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तिने नाक ओढलं. पदराने तोंड पुसलं. श्वास घेतला, लांब, मध्येच अडकलेला. तिचे ओठ उघडले.

आणि गिरणी थांबली.

पट्टा काढल्यावर गिरणी हळूहळू मंदावते, तशी नाही. कापल्यासारखी थांबली. पत्र्याची थरथर, अंगणातल्या कोंबड्या, रस्ता, सगळं एका जागी संपलं. त्या शांततेत सुभद्राबाईचे ओठ हलत होते. ती बोलत होती. हात पुढे करून, तीन बोटं दाखवून, गळ्याच्या शिरा ताणून ती बोलत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. ही शांतता त्या खोलीची नव्हती. वर, जिथे नुसता हूक होता, तिथून आवाज आला. टक्. मग दोन फेऱ्यांएवढी शांतता. टक्.

शिवमने ही शांतता स्वतःच्या हाताने पसरली होती. तो तिच्या आत बसला होता.

सुभद्राबाईने तोंड मिटलं. एक हुंदका तेवढा ऐकू आला. त्याला जोडून गिरणी धडधडू लागली.

प्रतीक्षा दारात उभी होती.

“गिरणी बंद पडली होती का आता?” त्याने विचारलं.

“नाही. चालूच आहे सकाळपासून.” तिने आईकडे पाहिलं. “असंच करते ते. कोणी आलं की ओठ हलवते. तुमी आवाजाचं काम करता म्हणून इचारते दादा, तुमाले काई ऐकू आलं का?”

त्याने नाही म्हटलं. मग तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली, हातातला सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत.

“मंग ते परत टाका,” ती म्हणाली.

“नाही माह्यापाशी. पुसलं मी.”

“पण तुमी काढलं म्हणता, तवा ऐकलं तं असन ना? तेवढंच लिहून द्या. माय काय बोलली होती, तेवढंच.”

 बेचाळीस सेकंदांची ती रेघ शिवमला अजून डोळ्यांसमोर दिसत होती, कुठे उंच, कुठे बारीक. सांधा लपवण्यासाठी त्याने तिची दोन्ही टोकं दहा-दहा वेळा ऐकली होती. पहिला शब्द ‘मी’ होता. त्याच्या पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. ऐकायची त्याला गरज पडली नव्हती.

“‘मी’,” तो म्हणाला. “तेवढंच.”

प्रतीक्षाने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आत गेली, चहा ठेवला आणि त्याच्यापुढे कप आणून ठेवला. पाहुण्याला देतात तसा, बशीसकट.

७

तेव्हापासून शिवम दर रविवारी बीबीला जातो. जे केलं ते त्याने स्वतःच्या सहीने लिहून तालुक्याच्या कचेरीत दिलं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि म्हणाले, की बाई काय बोलल्या होत्या ते कळल्याशिवाय पुढे काही होणार नाही. संस्थेचं काम दुसऱ्याकडे गेलं. हिंमतरावांनी पुन्हा फोन केला नाही. रस्त्यात समोरून गाडी आली तर ते काच वर करतात.

श्वास आता कोणाच्याही रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. तो फक्त त्या खोलीत येतो.

सुभद्राबाई बोलते, ती शांतता उतरते आणि शिवम तिच्या ओठांकडे बघत बसतो. ‘म’ला ओठ मिटतात, ‘व’ला खालचा ओठ दातांना लागतो, एवढं समजायलाच दोन रविवार गेले. प्रतीक्षाला ती शांतता जाणवत नाही. ती वही घेऊन शेजारी बसते. शिवम शब्द सांगतो, ती आईला वाचून दाखवते आणि आई मान हलवते, हो किंवा नाही. ‘मी’, ‘सांगतलं होतं’, ‘मोटर’, ‘तीन वेळा’, ‘साहेबाइले’. एका रविवारी दोन शब्द लागतात, एखाद्या रविवारी एकही नाही. फाल्गुनापर्यंत पान अर्ध्याहून जास्त भरलं होतं. प्रतीक्षा म्हणते, पान पूर्ण झालं की पुन्हा चौकशीचा अर्ज करायचा.

शेवटाच्या चार सेकंद आधी एक शब्द आहे. तिथे सुभद्राबाई सगळ्यांशी बोलल्यासारखं बोलणं थांबवते आणि दाराकडे बघते. हॉलचं दार जिकडे होतं, कडुनिंब जिकडे होता, तिकडे. ओठ आधी ताणले जातात. मग खालचा ओठ दातांना लागतो. मग दोन्ही मिटतात.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा आपली चूक झाली असं त्याला वाटलं. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा पाहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी जवळ सरकून, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर बसून पाहिलं. ‘शि’. ‘व’. ‘म’.

सभेच्या दिवशी ती त्याला ओळखत नव्हती. त्याचं नाव तिने पुढे दीड-दोन महिन्यांनी, त्याच्याच दारात उभं राहून विचारलं होतं. हे बोलणं त्या दिवशीचं आहे की त्यानंतरचं? ती साक्ष देतेय की त्याला हाक मारतेय? त्या हाकेच्या पुढे आणखी चार सेकंद आहेत. तिथले ओठ वाचायची त्याची अजून हिंमत झालेली नाही.

“अन् हा कोणता, दादा?” परवाच्या रविवारी प्रतीक्षाने विचारलं. पेन वहीवर टेकवून ती वाट बघत होती.

“हा लागत नाही,” शिवम म्हणाला.

प्रतीक्षाने मान हलवली आणि वहीत तेवढी जागा मोकळी सोडली. शिवमने नजर वर केली. सुभद्राबाई त्याच्याकडेच पाहत होती. तो खोटं बोलला हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं.